काळ्या मातीवर फरशीचा उंच ओटा: काँक्रीटच्या खाली काय घालायचं?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. घरासमोर वीस बाय बारा फुटांचा, जमिनीपासून दोन फूट उंच ओटा करायचा आहे, वर शहाबादी फरशी. जमीन काळी. विहिरीच्या खोदाईतून निघालेली माती दारातच ढीग लावून पडली आहे. तीच आत भरू, पाणी सोडून बसवू आणि वर चार इंच काँक्रीट टाकू, असं मिस्त्री म्हणतात. शेजाऱ्यांचा असाच केलेला ओटा दोन पावसाळ्यांत मधोमध फुटला. तेव्हा काँक्रीट सहा इंच करावं का, आणि सळई किती टाकावी?

आधी थेट उत्तर देतो. काँक्रीट चार इंचच ठेवा. जो पैसा जाड काँक्रीटवर आणि जादा सळईवर घालणार आहात, तो खाली मुरुमात आणि दाबणीत घाला. काळ्या मातीवरचा ओटा वरून फुटलेला दिसतो, पण तो बिघडतो खालून. विहिरीची माती जशीच्या तशी आत भरू नका आणि भरावात पाणी सोडून तो बसवण्याच्या फंदात तर अजिबात पडू नका.

काळ्या मातीतला बारीक चिकण भाग, त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात वावरात पडलेल्या भेगेत हाताचा पंजा सहज जातो आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच भेग मिटते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तीच हालचाल ओट्याखाली चालू राहते, फक्त दिसत नाही. ओट्याच्या कडेची माती ऋतूप्रमाणे भिजते आणि सुकते. मधली माती झाकली गेल्यामुळे तिथली ओल उडून जात नाही, ती हळूहळू साठत जाते. म्हणजे मधला भाग फुगलेला राहतो आणि उन्हाळ्यात कडा खाली बसतात. काँक्रीट मधोमध तडकतं ते बहुतेक वेळा यामुळे.

शेजाऱ्यांच्या ओट्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून पाहा. मधली फरशी दोरीला टेकून कडा खाली गेलेल्या दिसल्या, तर खालची माती फुगली आहे. मध्ये खोलगट असेल, तर भराव नीट दाबला नव्हता आणि तो बसला आहे. दोन्हीचा इलाज वेगळा आहे, आणि तुमच्या मिस्त्रींनाही हे डोळ्यांनी दिसलेलं बरं.

आता जाडीचा हिशेब. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. सहा इंच केलं तर ३६० किलो. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब चौरस मीटरला कित्येक टन असू शकतो. म्हणजे दोन इंच वाढवून तिला दाबून धरता येणार नाही. काँक्रीटच्या जिवावर मातीशी झुंजायचं नाही. मातीची हालचाल काँक्रीटपर्यंत पोचताना कमी झालेली असली पाहिजे, आणि जी पोचेल ती सगळीकडे सारखी पोचली पाहिजे.

म्हणून पहिलं काम खड्डा. ओट्याच्या जागेवर एका कोपऱ्यात चार फूट खोल खड्डा घ्या आणि मुरूम कुठे लागतो ते पाहा. बालाघाटच्या पठारावर, बीडकडे, धाराशिवच्या वरच्या भागात पुष्कळ ठिकाणी दीड-दोन फुटांवरच मुरूम लागतो. तिथे सगळी काळी माती काढून टाका, प्रश्न मुळातूनच संपला. गोदाकाठाला, गंगाखेड, नांदेड या पट्ट्यात मात्र दहा फूट गेलात तरी काळीच माती निघेल अशा जागा आहेत. तुमचं गाव अशा पट्ट्यात असेल तर सगळी काढणं परवडणार नाही. तिथे संपूर्ण ओट्याखालची दीड फूट काळी माती काढा आणि त्या जागी मुरूम भरा.

मुरूमच का, वाळू का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण थोडी चिकटाई असलेल्या मातीचा जाड थर दाबून बसवला की खालचं फुगणं बरंच आटोक्यात येतं, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासून मांडलं आणि कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. चांगल्या मुरुमात ती थोडी चिकटाई असते. नुसती वाळू भरली तर तिच्या पोकळीत पावसाचं पाणी साठतं आणि खालच्या काळ्या मातीला सावकाश पाजलं जातं. नेमकं तेच तर टाळायचं आहे.

मुरूम म्हणून ट्रॉलीत काय येतं ते मात्र तपासा. गुत्तेदार वरच्या थराची माती मिसळून देतात आणि रंग पिवळसर-तांबूस दिसला की आपण गप्प बसतो. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. काचेच्या दोन उभ्या, सारख्या बरण्या घ्या. तो मुरूम वाळवून, कुटून, चहाच्या गाळणीपेक्षा बारीक चाळणीने चाळा आणि दोन्ही बरण्यांत अगदी सारखा, दोन-दोन चमचे टाका. एकीत पाणी घाला, दुसरीत रॉकेल. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलवर अंदाज येतो. ढवळा, बुडबुडे जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलच्या बरणीतला थर दोन सेंटिमीटर आणि पाण्यातला तीन, तर फुगणं पन्नास टक्के झालं. पन्नासच्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावातही चालत नाही, तुमच्या ओट्यात तर नकोच. प्रयोगशाळेत हेच नळकांड्यांत, वजन करून करतात. मुरूम चांगला असेल तर दोन्ही थर जवळपास सारखे दिसतील. हीच परीक्षा तुमच्या विहिरीच्या ढिगाचीही करा. वरची काळी माती बाजूला काढली आणि खोलवरून निघालेला मुरूम, मांजऱ्या (मऊ, ठिसूळ मुरूम) वेगळा निघाला, तर तो खुशाल वापरा. मिस्त्रींचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर ठरेल आणि तुमच्या दोन-तीन ट्रॉल्या वाचतील.

ओट्याच्या तीन बाजूंच्या भिंतींचा पाया काळ्या मातीत किमान तीन फूट खोल घ्या. वरचा दीड-दोन फुटांचा थर सगळ्यात जास्त हलतो, भिंत त्यावर टेकवू नका. चराच्या तळाशी नऊ इंच मुरूम दाबून घ्या, त्यावर एकास चार, आठचं (सिमेंट, वाळू, खडी) चार-पाच इंच काँक्रीट, मग वीट किंवा दगड. दोन फूट उंचीला नऊ इंची विटेची भिंत पुरते. दगडाची करणार असाल तर पंधरा इंचांपेक्षा कमी करू नका आणि सिमेंटच्या मसाल्यात आरपार जाणारे जोडदगड घाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आत-बाहेर दोन पदर असलेल्या, मातीत रचलेल्या भिंतींनी काय केलं ते लातूर-धाराशिवच्या लोकांनी पाहिलं आहे. दोन फुटांची भिंत कुणाच्या अंगावर पडणार नाही हे खरं, पण मागून भरावाचा दाब आला की तिचे पदरही तसेच सुटतात. बाहेरच्या जमिनीच्या चार इंच वर, दर पाच-सहा फुटांवर दोन इंची पाइपचे तुकडे भिंतीत ठेवा आणि आतल्या तोंडाशी घमेलंभर खडी टाका. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट हवी.

भिंत झाल्यावर आठ-दहा दिवस पाणी मारा आणि मगच भराव सुरू करा. उघड्या खड्ड्यातली काळी माती कोरडीठाक, भेगाळलेली असेल तर आदल्या दिवशी हलकं पाणी शिंपडून ओलसर करा. चिखल नको. हाडासारख्या कोरड्या मातीवर मे महिन्यात भराव टाकून लगेच काँक्रीट ओतलं, की जूनमध्ये ती माती फुगणार आणि तुमचा ओटा वर उचलणार. म्हणून या कामाला उत्तम काळ दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा माती ना फार भिजलेली असते ना फार सुकलेली, आणि काँक्रीटलाही ऊन मानवतं.

मुरूम सहा इंचांच्या थरांत टाका, त्याहून जाड नाही. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा. मूठभर मुरूम दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, इतकी ओल बरोबर. मग प्लेट कॉम्पॅक्टर (भराव दाबायचं यंत्र) चालवा, भाड्याने मिळतो. हाती धुमसाने (जड ठोकण्याने) करणार असाल तर थर चार इंचांचा घ्या आणि गड्याला घाई करू नका. भिंतीलगत एक फुटात यंत्र नको, तिथे हातीच धुमस. थर बसला की नाही ते पाहायला १२ मिमीची सळई घेऊन दोन्ही हातांनी जोर लावून खुपसा. दोन-तीन इंचांत अडली तर पुढचा थर टाका. सरसर आत गेली तर त्याच थरावर परत धुमस. पाणी सोडून भराव बसवतात त्यात वरचा मुरूम थोडाफार बसतोही, पण ते हजारो लिटर पाणी खाली काळ्या मातीतच उतरतं. मग ती फुगते, पुढे सुकताना आक्रसते आणि भराव पुन्हा पोकळ राहतो.

उंचीचा हिशेब वरून खाली करा. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून तीन इंच, काँक्रीट चार इंच, सोलिंग (रचलेल्या डबराचा, म्हणजे ओबडधोबड दगडांचा थर) सहा इंच. दोन फुटांतले तेरा इंच इथे गेले. उरलेले अकरा इंच मुरूम, आणि खाली काढलेल्या दीड फूट मातीच्या जागीही मुरूम, म्हणजे दाबून २९ इंच. भिंतींची जाडी वजा जाता आतलं क्षेत्र साधारण २०८ चौरस फूट राहतं, त्याला सुटा मुरूम साडेसहा ते सात ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकाराला शंभराने भागा, मग खरे ब्रास कळतील. सोलिंगचे डबर हाताने उभे रचून घ्या, ट्रॉलीतून ओतून पसरवू नका. फटींत बारीक मुरूम भरा आणि पुन्हा दाबा. ढाळ इथपासूनच द्या. घराकडून बाहेर, बारा फुटांत दोन इंच. सपाट काँक्रीटवर मसाल्याची जाडी कमीजास्त करून ढाळ काढायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने फरशीखालचा मसाला एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड होतो आणि फरश्या वाजायला लागतात.

ओटा घराला बांधू नका, ही एक गोष्ट मी कुणालाही सोडू देत नाही. घराचा पाया खोल, ओटा भरावावर, दोघं वेगवेगळे हलणार. घराच्या जोत्यातून सळया काढून ओट्याच्या काँक्रीटमध्ये अडकवल्या तर भेग घराच्या भिंतीलगत पडते आणि तिथून पाणी थेट घराच्या पायात जातं. घराच्या बाजूला काँक्रीटच्या पूर्ण जाडीत अर्धा इंची थर्माकोलची पट्टी उभी ठेवा. ओट्याची फरशी घराच्या फरशीपेक्षा सहा इंच, म्हणजे एक पायरी खाली ठेवा, आणि आतला भराव घराच्या जोत्याच्या ओल-रोधक थराला शिवणार नाही हे पाहा, नाहीतर घरातल्या भिंतीला ओल चढते. तसंच ओट्याचं काँक्रीट स्वतःच्या तीन भिंतींवरही टेकवू नका. कडा भिंतीवर आणि मध्य भरावावर असं झालं की भराव अर्धा इंच जरी बसला तरी भिंतीच्या आतल्या रेषेने काँक्रीट तुटतं. काँक्रीट भिंतींच्या आत, थर्माकोल लावून मोकळं ओता. भिंतीच्या माथ्यावर फरशीची वेगळी पट्टी बसवा.

आता सळई. ८ मिमी, दोन्ही दिशांनी आठ-आठ इंचांवर, एवढी पुरे. २०८ चौरस फुटांना ७५ ते ८० किलो लागते. ही सळई ओट्याला बसण्यापासून किंवा फुगण्यापासून वाचवत नाही, काँक्रीट सुकताना पडणाऱ्या भेगा केसासारख्या बारीक ठेवते, म्हणून तिची जागा वरच्या बाजूला, माथ्यापासून दीड इंच खाली. बहुतेक कामांत जाळी सोलिंगवर पडलेली असते आणि ओतताना कुणीतरी आकड्याने ती वर ओढतो. ती परत खाली जाते. सळईचे वाकवलेले घोडे करून जाळी त्यावर बांधा आणि ओतणाऱ्यांना चालायला फळ्या टाका.

सोलिंगवर बारीक मुरुमाचा हात फिरवून जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे सिमेंटचं पाणी खाली झिरपत नाही. ओटा मध्ये, दहा फुटांवर फळी लावून दोन चौकटींत ओता, एक आज, दुसरी उद्या. चार इंची काँक्रीटला बारा फुटांच्या आत सांधा हवाच. सांधा तुम्ही दिला नाही तर काँक्रीट स्वतः देईल, आणि तो सरळ रेषेत नसेल. जाळी सांध्याच्या दोन इंच अलीकडे थांबवा आणि तिथे १२ मिमीच्या गुळगुळीत सळईचे सोळा इंची तुकडे दर फुटाला आडवे ठेवा, अर्धा भाग पहिल्या चौकटीत पक्का, उरलेल्या अर्ध्याला ग्रीस. दोन्ही चौकटी मग जवळ-लांब होतील, पण एक वर आणि एक खाली असा खच पडणार नाही.

मिश्रण एकास दीड, तीन. घमेल्याने मोजू नका. कुणी घमेलं काठोकाठ भरतो, कुणी शीग लावतो. एक फूट बाय एक फूट बाय सव्वा फूट असा फळ्यांचा फर्मा करून घ्या. त्यात बरोबर एका पोत्याचं सिमेंट मावतं. मग पोत्याला दीड फर्मा वाळू किंवा कच (दगड दळून केलेली वाळू) आणि तीन फर्मे खडी. सगळं मिळून १६ पोती, ३० घनफूट वाळू, ६० घनफूट खडी, वर थोडी नासधूस धरा. पाणी पोत्याला २५ लिटरच्या आसपास, आणि काही झालं तरी ३० च्या वर नाही. वाळू ओली असेल तर आणखी कमी. थापी मारायला सोपं जावं म्हणून गडी पाणी वाढवतात. ओट्यावर त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहा आणि बादल्या मोजा. बोअरचं पाणी मचूळ असेल तर तपासून घ्या. सळई असलेल्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. माथा रंध्याने घोटून गुळगुळीत करू नका, ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा मारा, त्याला मसाला धरतो.

पाणी मारणं दहा दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि कडक ऊन असेल तर चौदा. आळी करून इंचभर पाणी उभं करायचं म्हटलं तरी एवढ्या ओट्याला एका वेळी सुमारे ५०० लिटर लागतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात हे रोज शक्य नसतं. आणि कडेवरून ओघळलेलं पाणी पुन्हा पायाच्या काळ्या मातीतच मुरतं. म्हणून गोणपाट भिजवून अंथरा, वर प्लास्टिक टाका आणि कडा विटांनी दाबा. सकाळ-संध्याकाळ दोन-चार बादल्यांत भागतं आणि काँक्रीट जास्त चांगलं पिकतं.

फरशी महिनाभर थांबून लावा. शहाबादी, तांडूर, कोटा कुठलीही चालेल. फरशीखाली एकास सहाचा मसाला सलग हवा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून फरशी टेकवतात, ती पोकळ राहते आणि खाट ठेवली की कोपरा उडतो. प्रत्येक फरशीच्या पाठीला सिमेंटचा घोळ लावा. काँक्रीटमधल्या सांध्याच्या बरोबर वर फरशीचा सांधा यायला हवा, म्हणून पहिली फरशी तिथून मांडायला सुरुवात करा, दारातून नव्हे. तो सांधा, घराकडची रेघ आणि भिंतीवरच्या पट्टीची रेघ सिमेंटने भरू नका, लवचीक सीलंटने भरा. फरशी चुनखडीची आहे, तेव्हा धुवायला ॲसिड वापरू नका. ते तिला खातं.

ओटा झाल्यावर त्याच्याभोवती तीन फूट रुंद फरशीचा किंवा दाबलेल्या मुरुमाचा पट्टा बाहेर उतार देऊन करा. छताचं पन्हाळं आणि न्हाणीचं पाणी ओट्याच्या पायाशी पडू देऊ नका, पाइपने लांब न्या. ओट्याला लागून फुलझाडांचे वाफेही नकोत. कडुलिंबाचं झाड लावायची हौस असेल तर ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर सोडा. मोठं झाड उन्हाळ्यात खालची ओल ओढून घेतं आणि त्या बाजूची माती आक्रसते.

शेजाऱ्यांच्या ओट्याचं काय, हेही तुमच्या मनात असेल. दोरीने पाहिल्यावर मध्ये खोलगट निघाला आणि दोन वर्षांत बसायचा तेवढा बसून झाला असेल, तर फुटलेल्या भागातल्या फरश्या काढून, काँक्रीट यंत्राने कापून, खालचा भराव पुन्हा दाबून तेवढाच भाग नवा करता येतो. मध्ये फुगलेला निघाला तर आधी पाण्याच्या वाटा बंद करा, भोवतीचा पट्टा करा आणि एक पूर्ण वर्ष भेगेवर पेन्सिलीच्या खुणा करून ती रुंदावते की थांबते ते बघा. थांबली तर भेगेच्या रेषेत सरळ सांधा कापून सीलंट भरला की काम भागतं. रुंदावतच गेली तर ओटा काढून खालून करावा लागेल. त्याआधी वर नवीन फरशी लावण्यात पैसे घालू नका.